मिशीआडचे शब्द

ती मिशी एवढी होती म्हणे, की तो शिंकला तर टेबलावरचे कागद उडत, मिशी मात्र जागची हलत नसे. अशी ती मिशी झिमझिम पावसात सरकारी ऑफिसच्या दारात छत्री झटकत उभी होती. शिलाईवालीला वाटलं, हा वॉचमन.

"दिव्यांगांच्या सोयींचे आकडे कोण लावतं इथं?" तिनं विचारलं, तर रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. तिचा आवाज असाच, कधी भोंगा तर कधी मुंगीचा. लहानपणी तापात कान गेले, तेव्हापासून आपला आवाज किती मोठा हे तिचं तिलाच कळत नसे.

मिशी हलली. म्हणजे आत कुठंतरी तो बोलत असावा.

"ओठ दिसत नाहीत तुमचे. मी ओठ बघून ऐकते. तो पडदा जरा वर करता का?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि दोन बोटांनी मिशी उचलली. "मीच लावतो आकडे."

तिनं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. राज्याच्या वेबसाइटवर, साऱ्या जगाला दिसेल असं, त्यांच्या गावापुढं लिहिलं होतं... ऐकू न येणाऱ्यांपैकी सेवेची गरज असणारे, शून्य.

"मग मी कोण?" तिनं विचारलं.

शून्यासाठी गावातलं बहिऱ्यांचं केंद्र कोण चालवणार? महिनाअखेर कुलूप लागणार होतं. त्या केंद्रात हातांनी बोलणाऱ्या एक बाई होत्या. दवाखान्यात, बँकेत त्या सोबत येत. आधी शिलाईवालीचे कान म्हणजे तिची आत्या. थंडीत आत्या गेली. डॉक्टर शेवटचं काय बोलले, ते बाईंनीच हातांनी सांगितलं होतं. आता बाईही गेल्या, की तिच्याशी बोलायला उरलं शिलाई मशीन.

"आम्ही प्रत्येकाला विचारलं, सेवेची गरज आहे का," तो म्हणाला. "कुणीच हो म्हटलं नाही."

"कसं विचारलंत?"

मिशी हळूच खाली उतरली. मग पुन्हा वर गेली. "फोन करून."

"बहिऱ्यांना... फोन?"

"वरून तसाच हुकूम होता. उचलला नाही, तर गरज नाही असं धरायचं."

"आणि फोन करणारा शहाणा कोण?"

"तोच तुमच्यासमोर मिशी धरून उभा आहे."

आत्या गेल्यापासून ती हसली नव्हती. त्या दिवशी हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. तो बिचारा मिशीही सोडेना आणि रुमालही काढता येईना.

दुसऱ्या दिवसापासून दोघं घरोघर फिरू लागले. तो दारं ठोठावायचा, ती कपाळाला हात लावायची आणि खिडकीवर बॅटरीचा उजेड मारायची. मग दार उघडायचं.

"मिशी कापून टाका ना. हात मोकळे होतील."

"ही काढली तर आई घरात घेणार नाही."

"मग मी चिमटे देते शिवणाचे. कापड धरायचे."

"द्या. लोक विचारतील, हे काय? सांगीन, एका बाईचं ऐकायला लागलोय."

"ऐकायला नाही, मला दिसायला," ती म्हणाली, आणि उगाच छत्री नीट करू लागली. छत्री एकच होती. त्याचा एक खांदा रोज भिजायचा, नेहमी तोच.

सगळी घरं झाली. त्यानं आकडे वर पाठवले. उत्तर आलं, बदल पुढच्या वर्षीच्या हिशेबात धरू. केंद्राला ठरल्या दिवशी कुलूप लागलं. बाईंची बदली झाली, लांबच्या मोठ्या केंद्रावर. जाताना त्या हातांनी म्हणाल्या, चल माझ्याबरोबर, हे काम शीक आणि परत येऊन तूच उघड.

शिलाईवालीनं मशीन झाकून ठेवलं. त्याला सांगितलं तेव्हा चिमटे खिशातच होते, आणि त्याची बोटं मिशीपर्यंत गेलीच नाहीत. तो काय बोलला... बोलला तरी का... तिला कळलं नाही.

निघायच्या दिवशी बसची काच अडकलेली, बाहेर करडं आभाळ. बाई शेजारी डुलक्या घेत होत्या. काचेखाली कुणी अनोळखी माणूस उभा होता, नाकाखालची जागा सोललेल्या बटाट्यासारखी पांढरी. एक खांदा भिजलेला. तिनं खांदा ओळखला.

"आईनं घरात घेतलं नाही," ते उघडे ओठ म्हणाले. इंजिन धडधडत होतं, काच बंद होती. कुणाला अक्षर ऐकू आलं नाही. तिला सगळं आलं.

"तू परत ये," ओठ म्हणाले. तू म्हणताना गोल झाले आणि तसेच थोडे थांबले. "मी वाट बघतो... माझं आहे तुझ्यावर..."

पुढचं तिनं वाचलं आणि काचेला कपाळ टेकलं.

"माझंही," ती कुजबुजली.

म्हणजे तिला वाटलं कुजबुजली. बाई दचकून जाग्या झाल्या, मागची म्हातारी जपमाळ विसरली, आणि ड्रायव्हरनं म्हणे इंजिनच बंद केलं. त्या शांततेत ती आणखी कुजबुजली, "पण ती मिशी पुन्हा ठेवू नकोस."

बस निघाली. कुलूप लागलेल्या केंद्रावरून गेली, तेव्हा तिनं तोंड फिरवलं. वेबसाइटवर त्यांच्या गावापुढं त्या वर्षी शून्यच राहिलं. तो रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी आरशासमोर उभा राहून दाढी करी, आणि मिशीची जागा दोनदा.