तीन नंबर चेंबरची घंटा

एक सर्व्हर. एक मोडेम. टायपिंगपुरते दोन कॉम्प्युटर. पाच चेंबर, त्यांतलं एक रिकामं. भिंतीवर एक घंटा. आणि तेवीस पोर्ट, त्यांतले बावीस जगाला उघडे.

त्या दुपारी तिथं एवढंच होतं. पूजानं स्वतः मोजलं होतं, दोनदा.

हे आधी सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढं जे आलं, ते या मोजणीत कुठंच नव्हतं.

घटना खरी आहे. पूजा आज सांगलीत शिकवते. विचारलं तर याच क्रमानं सांगते, एक शब्द इकडचा तिकडं होत नाही.

अशा गोष्टीत रात्र असते. इथं रात्र नव्हती. १९९९ चा मार्च. अमावस्या, पण भर दुपार. तासगावहून सांगलीकडं येणाऱ्या रस्त्याला लागून हंबीररावांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. बाहेर डांबर मऊ झालेलं. आत चेंबरमध्ये चार डिग्री.

पूजा बी.एस्सी. झालेली, फिजिक्स घेऊन. वर एक वर्षाचा कॉम्प्युटरचा कोर्स. तिच्याआधी तिथं आष्ट्याचा कुणाल नावाचा मुलगा ऑपरेटर होता. सर्व्हर त्यानंच उभा केला होता. तो डिसेंबरात वारला, म्हणून ही जागा रिकामी झाली.

कसा वारला?

"हार्टफेल," मालक म्हणाले होते. तिनं पुढं विचारलं नव्हतं.

अमावस्येच्या आदल्या दिवशी हंबीरराव तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"आपला माल किती शिल्लक हाय, ते सौद्याच्या आदी सांगलीच्या पेठंत कळतंय. ह्या पेटीतनंच कोन तरी बघतंय. सगळं बंद करून टाक."

"सगळं म्हणजे, मालक? फोनवरनं येणारं, का इथलं पण?"

"सगळ्यास्नी बंद. मी आलो तर मला बी."

"मग सर्व्हरशी बोलणार कोण?"

"त्योच. सोत्ताशी. आमची मंडळी बोलतीया तसं." आणि स्वतःच्याच विनोदावर ते मोठ्यानं हसले.

सर्व्हरला नंबर टाकलेली दारं असतात. त्यांनाच पोर्ट म्हणतात. एका दारानं फाइल जाते. एकानं निरोप येतो. एकानं लांबचा माणूस तारेवरून आत शिरून काम करतो. पूजानं एकेक दार तपासलं. बावीस सताड उघडी होती.

तेविसावं मात्र कुणीतरी आधीच बंद करून ठेवलं होतं. फक्त सर्व्हरनं स्वतः यावं, दुसऱ्या कुणी नाही.

हे एकच का? तिला कळेना.

अमावस्येला हमाल काम करत नाहीत. जेवणाच्या आधीच आवार मोकळं झालं. मागं राहिले दोघं, पूजा आणि वॉचमन धोंडिराम. तिनं उरलेली बावीस दारंही तशीच करून टाकली. वर सर्व्हरला सांगून ठेवलं, कुणी आत यायला बघितलं तर नकार दे, आणि नकार दिलास की एकदा वाज.

कोण येतंय, ते तिला ऐकायचं होतं.

फार वाट बघावी लागली नाही.

टीं...

धोंडिरामनं दारातून डोकं आत घातलं. "काय गं, पेटीला भूक लागली व्हय?"

"कोणतरी येऊ बघतंय, मामा. आता सापडतोय." तिनं मोडेमची वायर उपसली. फोनवरून येणारा तिथंच अडायला हवा.

टीं...

तिनं टायपिंगचे दोन्ही कॉम्प्युटर बंद केले.

टीं... टीं...

तिनं पडद्यावर बघितलं. नकार मिळालेल्याचा पत्ता तिथं उमटत होता. बाहेरचा नव्हता. याच आवारातला होता. आणि प्रत्येक वेळी तो एकच दार मागत होता.

तेविसावं.

तिनं सर्व्हरची मागची वायर काढली. सगळं शांत. फक्त पंखा घरघरत होता. वायर परत लावली.

टीं...

म्हणजे जे येत होतं, ते या वायरीतूनच येत होतं. पूजा उठली आणि वायरीच्या मागं निघाली. काळी, जाड वायर. ऑफिसच्या भिंतीवरून बाहेर, मशीनरूमच्या मागून, चेंबरच्या ओळीला लागून... तीन नंबरच्या दारापाशी ती संपत होती. टोकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली.

तिनं पिशवी सोडली.

टोकाला काहीच नव्हतं. वायर कापलेली होती.

आणि मागं, ऑफिसात... टीं.

धोंडिराम आता हसत नव्हता.

"हितं जुना कॉम्प्युटर हुता," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणालनं बशीवल्याला. आतल्या अंगाला एक बटन. कोन आत आडाकलं तर दाबायचं, म्हंजे हापिसात घंटा व्हायची. त्याच्या आदी आमी दार लावताना तीनदा हाळी द्यायचो, कोन हाय का आत? बटन आलं आन् हाळी बंद झाली. कशाला घसा फाडायचा?"

"मग हे चेंबर रिकामं का ठेवलंय?"

धोंडिराम दाराच्या खटक्याकडं बघत होता.

"मामा?"

"ह्यातच घावला त्यो. सकाळच्याला. दार भायेरनं लावल्यालं." धोंडिरामनं टोपी काढून परत घातली. "आमुशा हुती. दुपारी समदी गेली. मी बी गावाकडं. त्यो बुद्धाचा, त्येला कुठली आमुशा? थंडीचा काटा बघाया आत गेला आसंल. कुनी तरी जाता जाता दार वडून घेतलं."

ऑफिसात आवाज चालू होते. सुरुवातीला ते सलग होते. मग दोन आवाजांमधलं अंतर वाढत गेलं. ऊन उतरायला लागलं, तसे ते अगदी तुरळक झाले.

मग... थांबले.

दुसऱ्या दिवशी एकही आवाज नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

पूजानं मालकांना घंटेबद्दल विचारलं. त्यांनी लपवलं नाही.

"मीच बंद करायला लावली. हमालांची पोरं उठसूट दाबायची. पावनं बसल्यालं असायचं आन् डोस्क्यावर ही टणाणा. दिवाळीत सांगितलं त्याला. नगं नगं म्हनत हुता. पर केली बंद, माज्यासमोर, सोत्ताच्या हातानं."

"म्हणजे घंटा वाजणार नाही, हे त्याला ठाऊक होतं?"

"ठाऊक असून काय? बटन दाबायला येळ तरी मिळाला का त्याला? एका क्षणात गेला. डाक्टरनं लिवून दिलंय." हंबीररावांचा आवाज बदलला. "तू नवीन हायस म्हनून सांगतो. त्यो इषय परत न्हाई. आन् त्या पेटीतलं एक जरी दार उगडलंस, तर दुसऱ्या दिवशी येऊ नगंस."

एप्रिलमध्ये एक बाई गेटवर आली. निळं लुगडं, हातात कापडी पिशवी. ती कुणालची आई होती, बाळाबाई. दर महिन्याला आष्ट्याहून एसटी बदलत यायची आणि मालकांना एकच गोष्ट विचारायची. मालक दर महिन्याला एकच उत्तर द्यायचे.

पूजानं तिला पाणी दिलं.

"काय विचारता तुम्ही, मावशी?"

"माज्या पोरानं हाक मारली का?" बाळाबाई म्हणाली. "त्ये म्हनत्यात, क्षनात गेला, कायबी कळलं न्हाई. मी त्येला आंगूळ घातली, बाय. उजवा आंगठा काळानिळा. नखाखालची कातडी फुटल्याली. क्षनात गेला तर आंगठा कशानं फुटला?"

पूजा तिच्या अंगठ्याकडं बघत राहिली. म्हातारीनं सांगता सांगता तो तांब्यावर दाबून धरला होता.

"मावशी, येत्या अमावस्येला दुपारी या."

"आमी पाळत न्हाई आमुशा."

"म्हणूनच या."

पुढची अमावस्या. आवार रिकामं. पूजानं तेविसावं दार उघडलं, घंटेचं. सगळ्यांना नाही, फक्त त्या एका पत्त्याला. कुणालचा घंटेचा प्रोग्राम सर्व्हरवर तसाच पडून होता. तो तिनं चालू केला. बाळाबाईला खुर्ची दिली.

"वाजली तर?" बाळाबाईनं विचारलं.

"तर त्यानं हाक मारली होती."

"आन् न्हाई वाजली तर?"

"तर मालक खरं बोलले."

बाळाबाई भिंतीवरच्या घंटेकडं बघत होती. तशीच म्हणाली, "मालकच खरं बोलल्यालं आसूं दे."

पंखा फिरत होता. बाहेर एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज लांब लांब होत विरला.

मग...

घंटा वाजली.

बाळाबाई खुर्चीतून उठली ती धावतच. "आले रं. आले, कुणाल, आले..." पायांत चपला नाहीत, फरशी तापलेली. धोंडिरामनं तीन नंबरचा खटका ओढला. दार उघडलं.

आत कुणी नव्हतं.

मशीन बंद, हवा कोंदट. भिंतीवर जिथं बटण होतं, तिथं स्क्रूची चार भोकं. बाळाबाईनं त्यांवर तळवा ठेवला.

"दार उगडंच हाय, बाळा. ये भायेर."

ऑफिसात घंटा वाजतच होती.

धोंडिराम उंबऱ्यावर उभा राहिला. तोंडाभोवती हात धरले आणि हाळी दिली. कोन हाय का आत? दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला. घंटा क्षणभर थांबली. अगदी ऐकल्यासारखी.

मग परत सुरू झाली.

बाळाबाई तिथंच भिंतीला टेकून बसली. पूजा ऑफिसच्या दारात उभी होती. तिथून तिला चेंबरचं दारही दिसत होतं आणि भिंतीवरचं घड्याळही.

घंटेचा आवाज रस्त्यापलीकडच्या बागेत गेला. तिथून कुणीतरी मालकांना फोन केला. थोड्याच वेळात जीप आली.

"बंद कर ती!" हंबीरराव आत येता येताच ओरडले. पूजा जागची हलली नाही. त्यांनीच टेबलामागं हात घातला आणि सर्व्हरची तीच काळी वायर हिसकून काढली. वायर हातात घेऊन तसेच उभे राहिले.

घंटा वाजली.

पूजानं पडद्यावर बघितलं. पत्ता बदलला होता. आता तो चेंबरचा नव्हता. सर्व्हरचा स्वतःचाच होता, ज्याला आत यायला कुणीच मनाई करू शकत नाही तो.

"कोन हाय?" हंबीररावांनी विचारलं.

"आत कुणीच नाही, मालक. आतूनच येतंय."

ते खाली बसले. जमिनीवरच. वायर हातातून सुटली नव्हती. उठून जाऊ शकले नाहीत. त्यांनी बसून ऐकलं.

घंटा सावकाश होत गेली. दोन घंटांमध्ये आता एवढी शांतता असायची की वाटावं, संपलं. मग परत एक. तीही अर्धवट, कुणी दाबता दाबता बोट घसरल्यासारखी. पूजाला त्या प्रत्येक शांततेत वाटायचं, थांबू दे. आणि त्याच वेळी वाटायचं, थांबू नको.

मग ती थांबली.

पूजानं घड्याळाकडं बघितलं.

बाळाबाई चेंबरमधून ऑफिसात आली तेव्हा हंबीरराव टेबलापाशी तसेच बसलेले होते. तिनं त्यांना काही विचारलं नाही. या खेपेला विचारायचं काही उरलं नव्हतं. ती त्यांच्या बाजूनं गेली, चपला घातल्या, पिशवी उचलली. हंबीररावांनी मान वर केली नाही.

पूजाला दुसऱ्या दिवशी निरोप आला, येऊ नको. ती तशीही जाणार नव्हती. पुढं ते कोल्ड स्टोरेज विकलं गेलं. नव्या लोकांनी घंटा उतरवली, सर्व्हर भंगारात काढला. तरी अमावस्येच्या दुपारी तीन नंबरच्या बाजूला हमाल थांबत नाहीत, असं धोंडिरामनं तिला नंतर सांगितलं. ती मात्र आजही कॉलेजची लॅब बंद करताना दारात तीनदा हाळी देते. मुलं हसतात.

आणि सांगता सांगता ती दर वेळी एका ठिकाणी थांबते. त्या संध्याकाळचा एसटीचा थांबा. ती बाळाबाईला सोडायला गेली होती. गाडी लांबून दिसायला लागली, तशी बाळाबाई म्हणाली,

"तू घड्याळ बघत हुतीस."

"हो."

"किती येळ?"

"मावशी, राहू दे."

"मला क्षनात म्हनून सांगितलं हुतं, बाय. तू खरं सांग."

गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. बाळाबाई पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिली.

पूजानं सांगितलं.

पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, तीन तास बेचाळीस मिनिटं.