कुटुंबांक

जन्मांक विचारणं त्या काळी पगार विचारण्याहूनही वाईट मानलं जाई. बाळ जन्मलं की त्याला एक भलीमोठी मूळ संख्या मिळे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही भाग न जाणारी. घरातल्या सगळ्यांचे जन्मांक एकमेकांत गुणले की झाला कुटुंबांक. तो खुशाल दारावर लिहावा. तो गुणाकार फोडून माणसं वेगळी काढणं कुठल्या यंत्राच्या बापालाही जमत नव्हतं.

दोघांच्याच घरात मात्र एक पळवाट होती. कुटुंबांकाला आपल्या जन्मांकानं भागलं की जोडीदाराचा हाती येई. असं भागणं म्हणजे नवऱ्याचे खिसे तपासणं, असं मृदुला मानत आली होती. आज तिनं भागलं. हेमंतला पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेली होती, आणि कोणतं औषध त्याला चालत नाही याची नोंद त्याच्या जन्मांकाच्या कुलपात होती. डॉक्टर सुई भरून थांबले होते.

"उघडत नाही," रुग्णालयातले अंकतज्ज्ञ किणीकर म्हणाले. "ताई, तुमचं उत्तर मूळ संख्या नाही. त्यात दोन जन्मांक आहेत."

"मग वेगळे करा की!"

"संख्या मूळ आहे की गुणून झालेली, हे यंत्र चुटकीसरशी सांगतं. कुणाकुणाची, ते शोधायला हजार वर्षं पुरणार नाहीत." ते घुटमळले. "साहेबांच्या आयुष्यात आणखी कुणी...?"

मृदुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग तिला एकोणीस वर्षांपूर्वीचं, अकराच दिवस जगलेलं त्यांचं बाळ आठवलं. ते गेल्यावर त्याचा जन्मांक कुटुंबांकातून भागून काढायला हेमंत एकटाच कचेरीत गेला होता. "झालं काम," एवढंच म्हणाला होता. त्यानं काढलाच नव्हता! तिला रडू फुटलं.

जन्मांक बाळाच्या दुपट्यावर भरायची रीत होती. दुसरीकडे कुठे लिहायचा नाही, आणि मूल मोठं होऊन तो पाठ झाला की दुपटं जाळून टाकायचं. भरतकामाचा मान आत्याचा, बारशाच्या आत पुरं करायचं. तिनं घरी येऊन थांबलेल्या नणंदेला फोन लावला.

"वन्सं, माझ्या कपाटात साड्यांखाली दुपटं आहे. त्याचा फोटो पाठवा."

"अगं, ठेवलंयस तू ते?" वन्संचा आवाज कापला. "पण शेवटचे चार आकडे राहिलेत गं. मला पुढे सुईच धरवली नाही."

"चारच?" किणीकर म्हणाले. "दहा हजार शक्यता."

त्यांचं बोलणं संपायच्या आत यंत्रानं एकोणीस वर्षं अडलेले ते चार आकडे भरून टाकले. भाग गेला. पडद्यावर प्रश्न आला: मयत सदस्य आढळला. कुटुंबांकातून वगळायचा?

"नाही म्हटलं तर?"

"कुलूप उघडणार नाही, ताई. नियमच आहे तसा."

तिनं हेमंतच्या वाकड्या झालेल्या ओठांकडे पाहिलं आणि 'हो' दाबलं.

चौथ्या दिवशी तो बोबडं बोलू लागला. पहिलंच विचारलं, "आपल्या कुटुंबांकाला... हात नाही ना लावलास?"

"नाही रे," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं दुपटं काढलं, सुईत दोरा ओवला आणि राहिलेले चार आकडे भरले. बाळाचा जन्मांक पुरा झाला. फक्त आता त्यानं त्यांच्या कुटुंबांकाला भाग जात नव्हता.