पंधरा सेकंदांचा दम

त्या सकाळी भाईंदर स्टेशनबाहेरून मी जांभळ्या शाईची बाटली घेतली आणि काशीगावाकडच्या आमच्या हॉस्पिटलात आलो. रुग्णाच्या कातडीवर बीमच्या, म्हणजे किरणांच्या झोताच्या, खुणा करायला ती शाई लागते. साल एक्क्याण्णव. कर्करोगावर किरण सोडणाऱ्या कोबाल्टच्या मशीनवर मला नऊ वर्षं झाली होती आणि, सांगायला लाज कसली, माझ्यासारखा नेम आसपास कुणाचा नव्हता.

रुग्ण होता धाकू, खारी गावचा. उभं आयुष्य मिठागरात काढलेलं. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी लिंबाएवढी गाठ, आणि डावं फुप्फुस जुन्या क्षयानं कधीच निकामी झालेलं. ती गाठ श्वासाबरोबर दोन सेंटिमीटर वरखाली व्हायची. एरवी आम्ही बीम रुंद ठेवून तो सगळा टापूच भाजून काढायचो. इथे तसं केलं असतं तर गाठ गेली असती, पण धाकूला श्वास घ्यायला काही उरलं नसतं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "हे बघ उत्तम, बीम अरुंद ठेवू. त्यानं दम धरला की बीम सोडायचा, पंधरा सेकंदांनी बंद. जमेल?"

"जमेल," मी म्हणालो.

सुरुवात करण्याआधी एकदा एक्स-रेच्या पडद्यावर पाहून घ्यायचं होतं. बाहेर रणरणती दुपार होती, पण ती खोली कायम अंधारी. फिनेलचा आणि फिल्म धुण्याच्या औषधाचा वास, मशीनची बारीक घरघर. धाकू टेबलावर उताणा. श्वास कळावा म्हणून त्याच्या पोटावर मी काड्यापेटी ठेवली होती, ही माझी जुनी पद्धत. मी काचेआड बसून माइक ओढला.

"श्वास घ्या, धाकूदादा... आता धरा."

काड्यापेटी थांबली. छाती थांबली. पडद्यावर बरगड्या स्वच्छ, स्थिर दिसत होत्या. गाठीची सावली मात्र हलत होती. सावकाश वर, सावकाश खाली... जराही घाई नाही.

मी दिवा तपासला, पडदा पुसला. पुन्हा दम धरायला लावला. पुन्हा तेच. मिठागरातल्या माणसाचा दम पक्का, काड्यापेटी केसभरही हलली नाही. आणि ती सावली आपली चालूच. तेवढ्यात मला ठसका लागला. सावली टुणकन उडाली.

मी खोकला दाबला. ती थरथरली. मी श्वास सोडला, ती वर गेली. घेतला, ती खाली आली. मधे जाड भिंत, मधे काच, आणि त्या म्हाताऱ्याच्या छातीतली गाठ माझ्या श्वासावर चालली होती. मी घाबरलो. उठून पळावंसं वाटलं.

मग मी दम धरला. ती थांबली.

डॉक्टरांना काय सांगणार? त्यांनी मला सुट्टीवर पाठवलं असतं आणि धाकूला दुसऱ्या कुणाच्या तरी हाती दिलं असतं. त्या दुसऱ्याचा बीम रोज गाठीला चुकवून चांगल्या फुप्फुसावर पडला असता. ते मी होऊ देणार नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून माइकवर "धरा" म्हटलं की मीही धरायचो. पंधरा सेकंद. सोडायचो, पुन्हा धरायचो. रोज आठ वेळा, असे पंचवीस दिवस. सर्दी होऊ नये म्हणून ताक बंद केलं. माझी बायको हंसा म्हणायची, "एवढं काय जपताय स्वतःला?" तिला काय सांगू?

धाकूनं एकदाच विषय काढला. शर्ट चढवता चढवता हळूच म्हणाला, "साहेब, तुमी दम धरला का हितं गप होतं..."

"तुम्हाला कळतं?"

"तर. दिसभर कलतं."

मी त्याच्याकडे न बघता खुणा पुन्हा ठळक केल्या.

सहा महिन्यांनी, एका मंगळवारी, तो तपासणीला आला. बरोबर विमलाबाई, त्याची बायको. फिल्म स्वच्छ होती. गाठ नाही, फुप्फुस शाबूत. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती खुशाल थोपटून घेतली. विमलाबाई डोळे पुसत औषधं आणायला गेली.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. म्हटलं, आता हसतखेळत निरोप घेऊ.

"आता माझा दम जाणवत नसेल," मी म्हणालो.

धाकूनं एकदा दाराकडे पाहिलं. मग जवळ सरकून म्हणाला, "जानवतो ना. पन ऐतवारी दुपारी... तुमी श्वासच घेतला न्हाय. लय वेल. मी वाट बगितली, बगितली..."

"मग?"

"मंग मीच घेतला. दोघांचा."

रविवारी दुपारी मी पूनम सागर सोसायटीतल्या घरी जेवून आडवा झालो होतो. झोप अगदी छान लागली होती.