मजुरीचं पॅकेज

मावा जिलबीच्या दुकानात रांगेत उभी राहून हिमानी फोनवर सांगत होती, “कोण येडा आहे देव जाणे. सूत, बिलं, मजुरी... सगळ्याचा कोड एकाच गाठोड्यात कोंबलाय. बुऱ्हाणपूरला आलेय ते गाठोडं सोडायलाच.”

पुढच्या गिऱ्हाइकानं मागं वळून पाहिलं. “तो येडा मीच. उमेश. ऑफिस वरतीच आहे... जिलबी खाऊन चला.”

हिमानी लाजली, पण शब्द काही मागं घेतला नाही. उमेश तिथंच अर्धा हरला.

पॉवरलूमवाल्यांच्या हिशेबासाठी त्यानं वर्षानुवर्षं लिहिलेली कोडची लायब्ररी फार फुगली होती. कुणाला नुसती बिलं हवी असली तरी सगळी उचलावी लागे. इंदूरहून आलेल्या हिमानीनं ती छोट्या, सुट्या पॅकेजांत तोडायला घेतली. प्रत्येक पॅकेज एकटं बिल्ड करायचं, बाकीच्यांशिवाय उभं राहतं का पाहायचं. एखाद्या पॅकेजनं न सांगता दुसऱ्याकडून काही घेतलं, तर स्क्रीनवर तपासणी लाल. ती घाई करत नसे. कोणता धागा कुठं जातो ते पाहूनच हात घाली. उमेश बघत राही.

“ही तपासणी आजच्यापुरती बंद करू ना,” तो एकदा म्हणाला.

“ताप आला की थर्मामीटर फोडता का तुम्ही?”

शेवटी एकटं मजुरीचं पॅकेज लाल राहिलं. ते हिरवं झालं की हिमानी इंदूरला परत जाणार. चूक उमेशला सोमवारीच सापडली होती – मजुरीचं पॅकेज तारीख बिलांच्या पॅकेजकडून गुपचूप घेत होतं. एका ओळीचं काम. त्यानं ती ओळ लिहिली नाही. जाणाऱ्या माणसाचा चष्मा टेबलावर कुठं असतो, हेही आपण पाहून ठेवतो.

शुक्रवारी ती चष्मा पुसत म्हणाली, “अजून लालच.”

त्याला राहवलं नाही. इतक्या सरळ काम करणाऱ्या बाईशी हे बरं नव्हतं.

“हिमानी... चूक मला सोमवारीच दिसली. तारखेची. तुम्ही जाल, म्हणून गप्प बसलो.”

ती स्क्रीनकडेच पाहत होती. “तपासणी मी लावली, उमेश. मला दिसली नसेल?”

“मग?”

“मग काय... वाटलं, तुम्ही काहीतरी बोलाल.”

तिनं कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्यानं ती ओळ लिहिली. दोघं खांद्याला खांदा लावून पाहत बसले. हिरवं.

“आता?” त्यानं विचारलं.

“आता जिलबी. बाकी, इंदूरचं काम इथूनही होतं... कुणी थांब म्हटलं तर.”

“थांब,” उमेश म्हणाला.

“मग जिलबी पावशेर जास्त घे.”