निळा पडदा आणि काकाचा आवाज

"नाणं उडालं आणि भोपू हरला!" वरच्या खिडकीतून काकाचा आवाज घुमला.

"अरे, मी अजून नाणं उडवलंच नाहीये!" भोपू बोंबलला.

"उडवलं असतंस तरी हरलाच असतास!"

गल्लीत एकच हशा पिकला. सुट्टी लागल्यापासून रोज हाच कार्यक्रम होता. खाली चेंडूचा सामना आणि वर खिडकीत बसून काकाचं धावतं वर्णन. भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ भोपू सुट्टीसाठी काकाकडे आले होते. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून ती भिंगरी. आणि कुजबुजला तरी कोपऱ्यापर्यंत ऐकू जाई, म्हणून तो भोपू. शेजारची मुलगी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, तिला सगळे वकीलच म्हणत.

काका पूर्वी मैदानावरच्या मोठमोठ्या सामन्यांचं वर्णन करायचा. मग त्याच्या घशाला दुखणं जडलं, ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. पण त्याआधी कित्येक आठवडे मायक्रोफोनसमोर बसून त्याने ढिगाने वाक्यं वाचून ठेवली होती. त्यावरून कॉम्प्युटरमधल्या एका प्रोग्रॅमने हुबेहूब त्याचा आवाज तयार केला होता. आता काका टाइप करायचा आणि स्पीकर बोलायचा. तोच भारदस्त सूर, तोच खट्याळपणा!

"वकीलबाई आडव्या आल्यात, पण त्यांना चकवून भिंगरी पुढे... भिंगरी आता..."

आवाज थांबला. भिंगरी चेंडू पायाखाली धरून वर बघत राहिली.

"काका, पुढे काय?"

काही नाही. तिघंही धडाधड जिना चढून वर गेली. काका खुर्चीत बसून पडद्याकडे बोट दाखवत होता. 'अपडेट सुरू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका,' असं तिथे लिहिलं होतं. काकाने खांदे उडवले. थांबू या, असा त्याचा अर्थ.

सगळी थांबली. पडदा काळा झाला, मग उजळला आणि मग निळाशार झाला. वर एक रडका चेहरा. 'काहीतरी बिघडलं आहे.' कॉम्प्युटर आपोआप बंद झाला, सुरू झाला आणि पुन्हा निळा. पुन्हा बंद, पुन्हा निळा.

"मी बघते!" भिंगरी म्हणाली. शाळेच्या कॉम्प्युटर कक्षात काही अडलं की तिलाच हाक मारत. तिने स्पीकर, मायक्रोफोन, प्रिंटर सगळ्यांच्या वायरी काढल्या. निळा! बटण दाबून धरून तिने कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद केला, तेव्हा एकदाची दुरुस्तीची पाटी आली. तिने 'आपोआप दुरुस्ती' निवडली. जमलं नाही. 'अपडेट काढून टाका' निवडलं. बराच वेळ पडद्यावर ठिपके गरगरत राहिले आणि मग उत्तर आलं. जमलं नाही.

"आता पुरे!" काकू घाबरून म्हणाली. "आणखी काही बिघडायचं. मी डॉक्टरला बोलावते."

हा डॉक्टर माणसांचा नव्हे, कॉम्प्युटरचा. कोपऱ्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. तो आला, एकदा निळा पडदा पाहिला आणि कॉम्प्युटर काखोटीला मारून निघालासुद्धा. काकाने घाईघाईने पाटीवर लिहून त्याच्यापुढे धरलं, 'माझ्या आवाजाची कॉपी आहे ना?'

"आहे हो! मीच काढून ठेवलीय. निर्धास्त राहा!"

त्या दिवशी जेवताना काकाने सवयीने टेबलावर बोटं हलवली, जणू समोर कीबोर्ड होता. मग ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हात मांडीवर ठेवला. भिंगरीने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी तिघं दुकानात गेली आणि दारातच थबकली. भिंतीला लागून कॉम्प्युटरांची रांग लावली होती आणि प्रत्येकाचा पडदा निळा!

"सगळ्यांच्या डिस्क गेल्यात," डॉक्टर नखं कापत म्हणाला. "तुमच्या काकांचीही. सगळं पुसून नव्याने टाकावं लागणार."

"सगळ्यांच्या डिस्क एकाच दिवशी गेल्या?" वकीलने विचारलं. "साथबिथ आलीय का?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही म्हणून तर विचारतेय!"

"आणि आवाजाची कॉपी?" भिंगरीने मध्येच विचारलं.

डॉक्टरची कात्री थांबली. "कॉपी... हां, ती काढलीय मी. पण ती बहुतेक त्याच डिस्कवर ठेवली होती."

भिंगरी पुढे सरसावली. ज्या पेटीत दागिना, त्याच पेटीत त्याचा जोड! याला काय कॉपी म्हणायचं?

"प्लीज, काकाचा कॉम्प्युटर एवढ्यात पुसू नका. आम्ही शोधतोय काहीतरी."

"बरं, बरं. पळा आता!"

बाहेर येताच वकील म्हणाली, "एक गोष्ट पाहिलीत? प्रत्येक कॉम्प्युटरवर हिरव्या ढालीचं स्टिकर होतं."

"'पहारेकरी'चं," भिंगरी म्हणाली. "व्हायरस येऊ नये म्हणून डॉक्टर तो प्रोग्रॅम टाकतो. काकाच्याही आहे."

"आणि मी निळ्या पडद्यावरचं वाचलंय!" भोपू इतक्या मोठ्याने म्हणाला की रस्त्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. "सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक नाव होतं. सगळ्यांवर तेच! पी, ए, एच, ए, आर, ई..."

"पहारेकरी!" दोघी एकदम म्हणाल्या.

"डिस्क गेलेलीच नाहीये!" भिंगरी पुटपुटली. "अपडेटचं आणि पहारेकरीचं भांडण लागलंय. पहारेकरी दारात आडवा पडलाय आणि घर उघडतच नाहीये."

"पुरावा?" वकीलने विचारलं.

पुरावा मिळाला फोटोवाल्या मावशीकडे. तिच्या स्टुडिओत दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी होते. दोघांवर तेच अपडेट आलं होतं. ढालवाला निळा पडून होता आणि बिनढालीचा मजेत चालला होता. तीही चिंतेत होती. तिने काढलेले कितीतरी कुटुंबांचे फोटो त्यात अडकले होते.

"डॉक्टर पुसून टाकू म्हणतोय. मी अजून दिलेला नाही," ती म्हणाली. "तुम्हाला येतं का गं काही?"

"खात्री नाही," भिंगरीने खरं ते सांगितलं. "पण फोटोंच्या फायलींना मी हात लावणार नाही. फक्त पहारेकरीला उठवून बाजूला करायचंय."

मावशीने खुर्ची पुढे सरकवली. "बस."

पुन्हा बटण दाबून बंद, पुन्हा सुरू, दुरुस्तीची पाटी. या वेळी भिंगरीने आपोआप काही करायला न सांगता काळी खिडकी उघडली. तिथे सगळं हाताने टाइप करावं लागतं. चालू असलेल्या कॉम्प्युटरवर वकील माहिती शोधून वाचून दाखवत होती.

"तिरकी रेघ उलटी हं! दुसऱ्या बाजूला झुकलेली!"

"दिली. फोल्डर सापडत नाही म्हणतोय."

"डिस्कचं अक्षर बदललेलं असू शकतं, असं लिहिलंय इथे."

सी नाही. डी नाही. ई टाइप केल्यावर नावांची लांबलचक रांग सरसरत वर गेली. भोपूचं नाक पडद्याला टेकलं होतं.

"तो बघ! पहारेकरी!"

तिने ती फाईल पुसली नाही. फक्त तिचं नाव बदललं, म्हणजे कॉम्प्युटरला ती सापडणार नाही आणि लागलीच तर परत आणता येईल. मग कॉम्प्युटर नव्याने सुरू केला.

काळा पडदा. ठिपके गरगरायला लागले. आणि अचानक समोर एक तान्हं बाळ हसलं! मावशीने पडद्यावर लावलेला फोटो!

"जमलं!" भोपूच्या आरोळीने स्टुडिओच्या काचा थरथरल्या. मावशीने भिंगरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आता काका!" भिंगरी म्हणाली आणि तिघं सुसाट सुटली. मागून मावशीही निघाली. कुणाच्या चपला निसटल्या, कुणी कुणाला धडकलं, कशाचंही भान नव्हतं. आज संध्याकाळी खिडकीतून पुन्हा धावतं वर्णन!

दुकानाच्या दारात धापा टाकत भिंगरी ओरडली, "डॉक्टरकाका, थांबा! काही पुसू नका! उपाय सापडलाय!"

डॉक्टरने वर पाहिलं. "उशीर केलात की! तुमच्या काकांचा तर झालासुद्धा. ओळखीचे म्हणून पहिला नंबर लावला."

टेबलावर काकाचा कॉम्प्युटर होता. पडदा स्वच्छ, कोरा, नवाकोरा. 'स्वागत आहे,' असं त्यावर लिहिलं होतं.

"तुम्ही बरं म्हणाला होतात," भिंगरी कसंबसं बोलली.

"अरे हो. विसरलोच बघ."

विसरला! भिंगरीला ओरडायचं होतं, रडायचं होतं, काहीच जमेना. तेवढ्यात डॉक्टरचा हात रांगेतल्या दुसऱ्या कीबोर्डकडे गेला.

"त्याला हात लावू नका!" वकील आडवी उभी राहिली. "पहारेकरी काढला की सगळे चालू होतात. मावशींचा झालाय!"

"मी इतकी वर्षं हे काम करतोय. बाजूला हो!"

वकीलने भोपूकडे पाहिलं. "भोपू, तुझा आवाज लाव!"

भोपूने रस्त्यावर येऊन छाती भरून श्वास घेतला. "ऐका हो ऐका! डॉक्टरच्या दुकानातले सगळे कॉम्प्युटर बरे होणार! काहीही न पुसता! आपापला कॉम्प्युटर न्यायला या!"

बघता बघता लोक जमले. शिंपीणबाई आल्या, शाळेचे चित्रकला शिक्षक आले, औषधांच्या दुकानातले आजोबा आले. मावशीने आपल्या कॉम्प्युटरची हकिकत सांगितली. इतक्या डोळ्यांसमोर पुसून टाकण्याची डॉक्टरची छाती होईना. तो मुकाट्याने बाजूला सरकला.

भिंगरीने डोळे पुसले आणि आधी काकाचा कॉम्प्युटर बंद केला. "यावर आता कुणी काहीही टाकायचं नाही, नाहीतर पुसलेल्यातलं काही उरलं असेल तर तेही जाईल," ती म्हणाली. मग रांगेतल्या पहिल्या कॉम्प्युटरसमोर बसली. काळी खिडकी, उलटी रेघ, नाव बदल. एकेक पडदा उजळत गेला. शिंपीणबाईंची मापं परत आली, शिक्षकांची चित्रं परत आली. प्रत्येक जण "शाबास गं पोरी!" म्हणत होता आणि प्रत्येक शाबासकीसरशी भिंगरीचा हुंदका वर येत होता.

शेवटी डॉक्टर तिच्याजवळ आला. "पहारेकरी मीच सगळ्यांना टाकून दिला होता," तो खाली मान घालून म्हणाला. "पडद्यावरचं नाव मी वाचलंच नाही. सगळ्यांना फोन करून सांगतो, अजून कुणाचा बंद पडला असेल तर. तुमच्या काकांचं मात्र... काय बोलू?"

पुसलेल्या फोटोंचा माग काढणारा एक प्रोग्रॅम मावशीकडे होता. तिने काकाची डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. तो प्रोग्रॅम दिवसभर कोपरान् कोपरा धुंडाळत राहिला. जे सापडलं ते बहुतेक फुटकंतुटकं होतं. फाईल उघडावी तर नुसती खरखर. तयार केलेला आवाज गेलाच होता आणि तो पुन्हा बनवायला लागणारी वाक्यंही. थोडी रेकॉर्डिंग तेवढी धड निघाली. नीट वाचलेली नव्हेत, चुकलेली, बाजूला टाकलेली.

काकाला हे सांगायचं काम भिंगरीने स्वतःकडे घेतलं. काकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग तो परत आलेल्या कॉम्प्युटरवर टाइप करू लागला. स्पीकरमधून एका अनोळखी बाईचा कोरडा, सपाट आवाज आला.

"गल्लीतल्या सगळ्यांचं वाचवलंत. तिघांनाही शाबास."

भोपू भिंगरीला चिकटून उभा राहिला.

"पण तुझं नाही वाचलं, काका," भिंगरी रडत म्हणाली.

"नाही वाचलं," तो सपाट आवाज म्हणाला. काका जरा थांबला आणि पुन्हा टाइप करू लागला. "पण जे घडलं ते कळलं. डिस्क गेली म्हणून मी रडत बसलो असतो. तू शोधून काढलंस. मला तुझा अभिमान वाटतो."

त्या परक्या आवाजात ते शब्द ऐकून भिंगरीला आणखीनच भरून आलं. काकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत मिळालेल्या रेकॉर्डिंगमधली एक फाईल उघडायची खूण केली. भिंगरीने ती लावली.

"आज हवा स्वच्छ असून... असून..." काका! खराखुरा काका! "अगं, दार लाव ना! रेकॉर्डिंग चालू आहे माझं!"

लांबून काकूचा आवाज आला, "मग माणसाने आधीच दार लावून बसावं!"

आणि दोघंही हसायला लागली. काकाचं ते गडगडाटी हसू थांबतच नव्हतं. मग रेकॉर्डिंग तुटलं.

काकू ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती. ती कधी आली, कुणाला कळलंच नव्हतं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.