मुंग्यांचं खूळ नव्हे

"अहो, पाय उचला... आधी पाय उचला!"

मंजुळा ओरडली तसा माळावर ऊन खात बसलेला तो तरुण दचकून उठला. त्याच्या वहाणेजवळून काळ्या मुंग्यांची फौज चालली होती, तोंडातोंडात पांढरी वाळवी.

"वारूळ लुटून निघाल्यात," ती कौतुकानं म्हणाली. "डंख बसला असता म्हणजे कळलं असतं!"

मंजुळा चिखलीच्या सावळारामची लेक. पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी गावातली पहिली मुलगी. आणि तो ज्योतीराम, बीडकडचा, पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात फिटर.

पुढच्या रविवारी तो परत आला... मुद्दाम.

"समद्या अशाच फौजेनं फिरतात?"

"छे! याच कुळातल्या काही एकट्यानं शिकार करतात, दगडाखालचे किडे धरतात. कितीतरी जाती आहेत. आणि कित्येक जातींत राणीला पंखच नसतात — पायीच निघते नवा संसार थाटायला."

"राणी... आन् पायी?" तो हळूच हसला. "तसली एक बगितलीय मी."

मंजुळा मुंग्यांकडेच पाहत राहिली, पण कान लाल झाले होते.

रविवारमागून रविवार गेले. गावात कुजबुज सुरू झाली, आणि मार्गशीर्षात तळेगावचं स्थळ आलं. बागाईत शेती, दुमजली घर. मुलाची आई गोड हसून म्हणाली, "मुंग्यांचं खूळ तेवढं सोडायचं हं."

मंजुळानं मान वर करून त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"ते खूळ नाही, माझा अभ्यास आहे. तो मी सोडणार नाही."

पाहुणे चहा न घेताच उठले. आई रडली. सावळाराम म्हणाला, "बोललीस ते ब्येस झालं. आता निभाव."

रविवारी तिनं हे सगळं ज्योतीरामला सांगितलं. तो मातीत रेघा ओढत राहिला.

"माझी आई येणारय गावाकडून. तिला... काय सांगू?"

"कशाबद्दल?" तिला कळलं होतं, पण ऐकायचं होतं.

"आपल्याबद्दल."

"सांगा, मुलगी मातीत लोळते, मुंग्या धरते."

"ते तर छाती फुगवून सांगीन! पर तुमी... हो म्हणाल का?"

"हो," ती म्हणाली. "पण माझ्या आबांना विचारा. आत्ताच चला."

मळ्यामागून आडवाट होती. मंजुळानं ती घेतली नाही. भर दुपारी ती त्याच्या बरोबरीनं चावडीसमोरून निघाली. शेजारच्या गवराबाईनं हटकलंच, "मंजे, कोन गं ह्यो?"

"ज्योतीराम," मंजुळा ताठ मानेनं म्हणाली. "मला मागणी घालायला आलेत."