मंत्र्याची बैठक

शुभ्रा दुबईत, अल कूजच्या एका शेडमध्ये जुनी चित्रं साफ करायची. त्या आठवड्यात तिच्याकडे एका स्पॅनिश मंत्र्याचं चित्र आलं होतं, एकोणिसाव्या शतकातलं. काळा कोट, छातीवरून तिरका लाल पट्टा, एक हात टेबलावर. व्हार्निश काळवंडून चहासारखं झालं होतं.

कापसाच्या बोळ्यावर आधी पिवळट मळ आला. मग लाल रंग आला. ती थबकली. दीडशे वर्षांचा तैलरंग असा सुटत नाही. तिने पट्ट्याला बोट लावलं. रंग ओला होता. जवसाच्या तेलाचा ताजा वास येत होता.

"एसीचा दमटपणा असेल," कुशल जेवताना म्हणाला. नवऱ्याचं म्हणणं तिला पटवून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मंत्र्याचा हात गुडघ्यावर होता.

तिने मोबाइल काढला. काम सुरू करण्याआधी तिने स्वतः फोटो घेतले होते. त्यातही हात गुडघ्यावरच. तिने चित्र पाठवणाऱ्या गॅलरीच्या खैरुद्दीनला फोन लावला.

"मॅडम, हाथ तो शुरू से घुटने पर ही था," तो म्हणाला. "संडे को डिलिव्हरी है. इन्शाल्ला हो जाएगा ना?"

त्यानंतर ती नीट झोपली नाही. चित्राकडे पाठ करून काम करता येईना, समोर बसून करवेना. मंत्र्याचे खांदे उतरले. मान चौकटीच्या कडेकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, अधिकारही उरला नव्हता. फार वेळ एका जागी बसवून ठेवलेल्या माणसाची चुळबुळ तेवढी होती. तो उठायची वाट पाहत होता.

शनिवारी दुपारी चित्रातली खुर्ची रिकामी होती.

हाताशी होतं ते स्टूल ओढून शुभ्रा बसली.

ऊन कलल्यावर कुशल मुलीला घेऊन तिला न्यायला आला. चित्राची मागची बाजू दाराकडे होती. शुभ्रा चित्रासमोर ताठ बसली होती, हनुवटी किंचित उचलून.

"यल्ला, निघूया. मैथिली गाडीत वैतागलीय."

ती हलली नाही.

"शुभ्रा?"

"हळू बोल," ती ओठ जेमतेम हलवत म्हणाली. "हलायचं नाही म्हणालेत."

"कोण म्हणालं?"

तिने मान वळवली नाही.

"थोडाच वेळ. हात रंगवून झालेत. चेहरा तेवढा राहिलाय."